डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन: पैसे कुठे वसूल होतात, कुठे बुडतात

प्रश्न असा आहे: नवरा-बायको, एक अकरा वर्षांची मुलगी आणि एक आठ वर्षांचा मुलगा फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डला पाच रात्री राहणार आहेत. मुक्काम डिस्नेच्याच हॉटेलात आहे. घरात मद्य कोणी घेत नाही, आणि मुलांना मिकी-डोनाल्डसोबत जेवायचं आहे. आगाऊ पैसे भरून जेवणाचा प्लॅन घ्यावा का, आणि घेतला तर तो पुरेपूर कसा वापरावा?

आधी उत्तर सांगतो. पाच दिवसांत तीन किंवा जास्त वेळा डिस्नेच्या पात्रांसोबतचं बुफे जेवण करणार असाल तर मोठा प्लॅन घ्या. एखादंच करणार असाल तर घेऊ नका, जाल तिथे रोख किंवा कार्डाने पैसे द्या. स्वस्तातला क्विक-सर्व्हिस प्लॅन मद्य न घेणाऱ्या कुटुंबाला फार तर बरोबरीत सोडतो. हे असं का, ते खाली आकड्यांनिशी मांडतो, कारण डिस्ने दर दरवर्षी बदलतं आणि तुमच्या वर्षाचे आकडे घालून हिशोब तुम्हालाच पुन्हा करावा लागेल.

प्लॅन दोन आहेत. क्विक-सर्व्हिस प्लॅनमध्ये माणशी दर रात्रीला काउंटरवरची दोन जेवणं आणि एक स्नॅक मिळतो. डिस्ने डायनिंग प्लॅन हा मोठा. त्यात दर रात्रीला टेबलवर बसून एक जेवण, काउंटरवरचं एक जेवण आणि एक स्नॅक. दोन्हींत माणशी एक रिफिल मग, म्हणजे पुन्हा पुन्हा पेय भरून घ्यायचा प्याला, मिळतो, पण तो फक्त हॉटेलातल्या यंत्रावर भरता येतो, पार्कमध्ये नाही. करोनाच्या बंदीत थांबलेले हे प्लॅन ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा सुरू झाले. तेव्हाचे दर असे: क्विक-सर्व्हिस मोठ्यांना दर रात्री ५७.०१ डॉलर आणि ३ ते ९ वर्षांच्या मुलांना २३.८३. डायनिंग प्लॅन मोठ्यांना ९४.२८ आणि मुलांना २९.६९. पुढचा सगळा हिशोब या दरांवर आहे.

इथेच तुमच्या घरातली पहिली गाठ आहे. दहाव्या वर्षापासून डिस्ने मूल मोठ्यांत मोजतं, त्यामुळे अकरा वर्षांच्या मुलीला पूर्ण दर लागतो. ती नऊ वर्षांची असती तर मोठ्या प्लॅनवर पाच रात्रींत ३२२.९५ डॉलर वाचले असते. आणि एका खोलीतल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांना एकच प्लॅन घ्यावा लागतो. मुलापुरता घेतो, आम्ही नाही, असं चालत नाही. तीनच्या आतल्या बाळाला प्लॅन लागत नाही, ते मोठ्यांच्या ताटातलं खातं. तुमचा एकूण खर्च म्हणजे तीन मोठे आणि एक मूल: डायनिंग प्लॅनला १,५६२.६५ डॉलर, क्विक-सर्व्हिसला ९७४.३०.

प्लॅनमधल्या एका जेवणाच्या किंवा एका स्नॅकच्या हक्काला क्रेडिट म्हणतात. आता एका क्रेडिटची किंमत काढू. हा आकडा हाताशी नसेल तर मेनू बघून काहीच कळत नाही. स्नॅक करासह साधारण ७ डॉलरचा धरा. रिफिल मग वेगळा घेतला तर २० डॉलरच्या वर जातो, तो करासह २२ धरून पाच रात्रींत वाटला की रोजचे सुमारे ४. क्विक-सर्व्हिस प्लॅनच्या ५७ मधून हे ११ वजा केले की ४६ उरतात, म्हणजे काउंटरवरच्या प्रत्येक जेवणाला २३ डॉलर. मोठा प्लॅन त्यापेक्षा ३७.२७ ने महाग, आणि त्यात एका काउंटर-जेवणाऐवजी टेबलचं जेवण येतं. म्हणून टेबलच्या जेवणाला २३ अधिक ३७, असे सुमारे ६० डॉलर. प्लॅनच्या दरात कर धरलेला आहे आणि मेनूवरचा दर कराविना असतो. तिथला विक्रीकर ६.५ टक्के. म्हणजे मेनू वाचताना लक्षात ठेवायचे आकडे दोनच: काउंटरवर २१ ते २२, टेबलवर ५६ ते ५७. मेनूची बेरीज याच्या वर गेली तर क्रेडिट द्या. खाली राहिली तर नुसते पैसे द्या आणि क्रेडिट राखून ठेवा. हे नियमात बसतं, कारण सगळी क्रेडिट चेक-इनलाच एका खात्यात जमा होतात. रोजची रोज संपवायचं बंधन नाही. एका दिवशी दोन टेबल-जेवणं घ्या, दुसऱ्या दिवशी एकही नको, ते सगळं चालतं.

क्रेडिट देऊन नेमकं काय हाती येतं, तेही नीट बघा. टेबलवर एक मुख्य पदार्थ, एक पेय, आणि दुपारच्या व रात्रीच्या जेवणाला एक गोड पदार्थ. न्याहारीला गोड नसतं. काउंटरवर मुख्य पदार्थ आणि पेय. जेवणाआधीचे छोटे पदार्थ, म्हणजे ऍपेटायझर, यात बसत नाहीत. ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलातल्या सना या ठिकाणची भारतीय धाटणीची नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्यांची थाळी अनेकजण खास जाऊन मागवतात. ती मेनूवर ऍपेटायझरमध्ये मोडते, म्हणून तिचे पैसे वेगळे मोजायची तयारी ठेवा. पेयांत मात्र प्लॅन हात आखडता घेत नाही. जिथे मिळतं तिथे मिल्कशेक, स्मूदी किंवा फळांची खास पेयंही चालतात आणि एकवीस वर्षांवरच्यांना बिअर, वाइन, कॉकटेलही. पैसे वसूल होण्यातला सगळ्यात मोठा फरक या एका ग्लासमध्ये आहे. पाच डॉलरच्या कोकऐवजी अकरा डॉलरची बिअर घेतली की प्रत्येक काउंटर-जेवणामागे करासह सहा-साडेसहा डॉलर वर येतात. दहा जेवणांचे चौसष्ट. मद्य घेणाऱ्या माणसाला क्विक-सर्व्हिस प्लॅन सहज परवडतो तो यामुळे. तुमच्या घरात हा फायदा नाही, म्हणून निदान कोकवर थांबू नका, मेनूत मिल्कशेक असेल तर तो मागवा.

तुमच्या घराचा पाच रात्रींचा हिशोब आता घालून बघू. पात्रांसोबतचा बुफे मोठ्यांना ६५ आणि मुलांना ४२ डॉलर धरतो, साधं टेबल-जेवण (३० चा मुख्य पदार्थ, १० चं गोड, ५ चं पेय) मोठ्यांना ४५ आणि मुलांना १५, काउंटर मोठ्यांना २० आणि मुलांना ९. हे मोजायला धरलेले आकडे आहेत. तुमच्या तारखांचे मेनू डिस्नेच्या संकेतस्थळावर दरांसकट दिसतात, ते घाला. तीन बुफे, दोन साधी टेबल-जेवणं, पाच काउंटर, पाच स्नॅक आणि एक रिफिल मग, करासह: मोठ्या माणसाचे ४६७ डॉलर होतात, आणि त्याचा प्लॅन ४७१.४० चा. म्हणजे चार डॉलर पाण्यात. मुलाचे होतात २७१ आणि त्याचा प्लॅन १४८.४५ चा. एकट्या आठ वर्षांच्या मुलामुळे १२२ डॉलर वर येतात. तीन मोठ्यांचा तोटा वजा जाता घराचा फायदा सुमारे ११०.

पाचही टेबल-जेवणं बुफेची केली तर मोठा माणूसही ३८ डॉलरने वर येतो. एकही बुफे केला नाही तर तोच ६८ डॉलरने खाली जातो. एवढा मोठा फरक निव्वळ जेवणाची जागा निवडण्याने पडतो.

पण या ११० डॉलरवर लगेच खूश होऊ नका. वरच्या बेरजेत रिफिल मग आणि दर टेबल-जेवणाला गोड धरलं आहे. प्लॅन नसता तर तुम्ही तो रिफिल मग घेतला असता का? साध्या जेवणानंतर चौघांसाठी चार केक मागवले असते का? बहुतेक घरं मागवत नाहीत. रिफिल मग आणि दोन वेळचं गोड काढलं तर मोठ्या माणसामागे ४३ डॉलर कमी होतात, तिघांचे १३०, आणि फायदा तिथेच संपतो. तुलना कायम तुम्ही एरवी खरोखर जे खाल्लं असतं त्याच्याशी करा, प्लॅन जे खायला देतो त्याच्याशी नाही. हा हिशोब घालणारे बहुतेक लोक इथेच चुकतात, आणि चूक नेहमी प्लॅनच्या बाजूने होते.

क्विक-सर्व्हिसचा हिशोब त्याच आकड्यांनी: मोठ्याचे २७० होतात, प्लॅन २८५. मुलाचे १५३ होतात, प्लॅन ११९. घरभराचा जमाखर्च सुमारे अकरा डॉलर तोट्याचा. पैसे आधीच भरून झाले, तिथे रोज पाकीट काढायला नको, एवढ्या निश्चिंतीसाठी घ्यायचा तर घ्या. बचत म्हणून घेऊ नका.

टिप प्लॅनमध्ये नसते, आणि हा खर्च घरून निघताना बहुतेकांच्या डोक्यातच नसतो. टेबल-जेवणाला ती द्यावीच लागते आणि ती मूळ किमतीवर मोजतात, तुमच्या प्लॅनवर नाही. वरच्या दराने एका बुफेची किंमत तीन मोठे आणि एक मूल मिळून २३७ डॉलर. त्यावर १८ टक्के म्हणजे ४२.६६. पाच बुफे केले की दोनशेच्या वर. सहा किंवा जास्त माणसांचा गट असेल तर १८ टक्के बिलात आपोआप लागतात, मग वर पुन्हा टिप लिहू नका. बिलाच्या कागदावर ती ओळ आधीच छापलेली असते, सही करण्याआधी ती शोधा. रोख पैसे देऊन साध्या जागी जेवलात तर टिपही त्या प्रमाणात कमी पडते, म्हणून दोन पर्यायांची तुलना करताना टिप दोन्हीकडे लिहा.

टेबलची क्रेडिट कुठे खर्चायची? एका क्रेडिटमध्ये मिळणाऱ्या पात्रांसोबतच्या जेवणांवर. मॅजिक किंगडम पार्कमधलं क्रिस्टल पॅलेस (विनी द पू हे अस्वल आणि मंडळी), ॲनिमल किंगडम पार्कमधलं टस्कर हाउस (डोनाल्ड), कंटेम्पररी हॉटेलातलं शेफ मिकीज आणि एपकॉट पार्कच्या नॉर्वे विभागातलं आकेरशुस, जिथे राजकन्या येतात. पात्रं नकोत पण बुफे हवा असेल तर ॲनिमल किंगडम लॉजमधलं बोमा किंवा एपकॉटच्या जर्मनी विभागातलं बिअरगार्टन. शाकाहारी कुटुंबाला तर बुफेच बरा. मेनूवरून एक डिश मागवण्याच्या जागी शाकाहारी मुख्य पदार्थ बहुतेक वेळा सगळ्यात स्वस्त असतो, म्हणजे ६० डॉलरचं क्रेडिट देऊन तुम्ही सगळ्यात कमी किंमत वसूल करता. बुफेला दर सगळ्यांना सारखा आणि ताटात काय घ्यायचं ते आपल्या हातात. मेनूवर हिरव्या पानाची खूण असते, ती पूर्ण वनस्पतीजन्य पदार्थांची. कांदा-लसूण किंवा अंडं चालत नसेल तर आरक्षण करतानाच लिहा आणि टेबलवर बसल्या बसल्या पुन्हा सांगा.

दोन क्रेडिट मागणाऱ्या जागा, म्हणजे कॅलिफोर्निया ग्रिल, सिंड्रेलाज रॉयल टेबल अशा ठिकाणी, १२० डॉलरचा निकष लावा. मोठ्या माणसामागे करासह तेवढं बिल सहसा होत नाही. सिंड्रेलाच्या किल्ल्यात जेवायची मुलांची हौस असेल तर जरूर जा, पण तिथे सरळ पैसे द्या आणि ती दोन क्रेडिट दोन बुफेंना वापरा.

एकाच जागी न्याहारीला एक क्रेडिट लागतं आणि रात्रीच्या जेवणालाही एकच, पण न्याहारीचा दर कमी असतो आणि तिथे गोडही मिळत नाही. म्हणून टेबल-क्रेडिट दुपारी किंवा संध्याकाळीच द्या. संध्याकाळी साडेचार-पाचची वेळ मिळाली तर फार सोयीची: दुपारी स्नॅकवर भागतं, बुफेवर पोटभर होतं आणि रात्री वेगळं जेवण लागत नाही. एका टेबल-जेवणाला तास-दीड तास जातो, शिवाय हॉटेलातल्या जागी जायला पार्कमधून निघून परतायचा वेळ वेगळा. पाच दिवसांत पाचही संध्याकाळी असं बसायला मुलं कंटाळतात. तीन बरी, चार म्हणजे पुष्कळ.

या जागा मिळण्यासाठी आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आणि डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना चेक-इनच्या साठ दिवस आधी त्या एकाच दिवशी पुढच्या मुक्कामाचीही (दहा दिवसांपर्यंत) आरक्षणं करता येतात. त्या सकाळी सगळ्यात अवघड जागेपासून सुरुवात करा. आणि क्रम उलटा लावा: आधी आरक्षणं मिळताहेत का ते बघा, मग प्लॅन पक्का करा. प्लॅन घेतला म्हणजे टेबल मिळेलच असं नाही. हव्या त्या तीन बुफेंपैकी एकच मिळाला तर वरचा सगळा हिशोब कोसळतो आणि उरलेली टेबल-क्रेडिट चाळीस-पंचेचाळीस डॉलरच्या जेवणांवर उडवावी लागतात. जायचं रद्द झालं तर बहुतेक ठिकाणी दोन तास आधी डिस्नेच्या ॲपवरून रद्द करता येतं. न कळवता गेला नाहीत तर बऱ्याच ठिकाणी माणशी १० डॉलर कार्डावर पडतात, चौघांचे चाळीस.

काउंटरची क्रेडिट न्याहारीवर घालवू नका. अंडी-बटाट्याच्या थाळीला दहा-बारा डॉलर पडतात आणि क्रेडिट जातं २३ चं. खोलीत छोटा फ्रिज असतो, दूध, सिरियल, केळी, ब्रेड आणून ठेवा. कॉफी मगमध्ये भरा. डिस्ने वर्ल्डच्या पार्कमध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतात. काचेची बाटली, मद्य आणि सुटा बर्फ मात्र चालत नाही. अशी न्याहारी बाहेर काढली की दोन जेवणं आणि एका स्नॅकमध्ये दिवस नीट बसतो. काउंटरवर निवडताना बार्बेक्यूच्या थाळ्या, मोठे बोल असे वरच्या दराचे पदार्थ बघा. ॲनिमल किंगडमच्या पँडोरा भागातल्या सातुली कँटीनमध्ये टोफूचा बोल मिळतो, शाकाहारी असाल तर तो चालेल. थाळ्या भरपूर असतात. तीन थाळ्यांत चौघांचं भागत असेल तर तीनच घ्या, चौथं क्रेडिट खात्यात राहतं.

स्नॅकमध्ये पाण्याची बाटली घेणं म्हणजे क्रेडिट ओतून देणं, कारण सोडा मिळणाऱ्या कुठल्याही काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट देतात. नुसतं “आइस वॉटर” म्हणा. त्याऐवजी एपकॉटमध्ये खाद्यमहोत्सव चालू असेल तर तिथल्या छोट्या ताटल्या बघा. स्नॅकसाठी चालणाऱ्या पदार्थांपुढे प्लॅनची खूण असते आणि बऱ्याच ताटल्या सात ते नऊ डॉलरच्या असतात. चौघांनी चार वेगवेगळ्या घेतल्या की दुपारचं अर्धं जेवण होतं.

मोबाईल ऑर्डर करताना एक चूक वारंवार होते. माय डिस्ने एक्स्पिरियन्स ॲपमध्ये पदार्थ निवडून घाईत शेवटचं बटण दाबलं की पैसे कार्डातून जाऊ शकतात. पैसे भरायच्या पायरीवर थांबा, डायनिंग प्लॅन निवडलेला आहे का बघा आणि कोणत्या पदार्थाला कोणतं क्रेडिट लागलं ते वाचा. मुलाचा सोळा-अठरा डॉलरचा हट्टाचा खेळण्यातला ग्लास किंवा चारवर पाचवं पेय तिथे वेगळ्या रकमेत दिसतं. टेबलवर मात्र बसल्या बसल्या वेटरला प्लॅनचं सांगा, म्हणजे मुख्य पदार्थाला जास्तीचे पैसे लागतात की नाही ते ऑर्डर देतानाच कळतं. रोज रात्री ॲपमध्ये उरलेली क्रेडिट मोजा.

ती मोजायची कारण सगळी क्रेडिट निघायच्या दिवशी मध्यरात्री संपतात. न वापरलेल्यांचे पैसे परत मिळत नाहीत. पाच रात्री म्हणजे सहा दिवस, पण क्रेडिट पाच दिवसांची. म्हणून पोहोचल्याच्या दिवशी लगेच टेबल-क्रेडिट खर्चू नका, प्रवासाने थकलेली मुलं बुफेवर दोन घास खातात. त्या दिवशी एक काउंटर-जेवण पुरे. निघायच्या दिवशी पाच-सहा स्नॅक उरले तर हॉटेलच्या दुकानातून बंद पाकिटातल्या कुकीज, चॉकलेटं उचला. विमानात उपयोगी पडतात. टेबल-क्रेडिट उरलं तर मात्र त्याचं काही करता येत नाही, म्हणून शेवटच्या बुफेची तारीख शेवटच्या संध्याकाळऐवजी आदल्या संध्याकाळी ठेवा. काही बिनसलं तर एक दिवस हातात राहतो.

डिस्ने अधूनमधून प्लॅन फुकट किंवा मुलांचा प्लॅन फुकट देण्याच्या सवलती काढतं. त्यांत बहुधा खोलीचा पूर्ण दर भरावा लागतो. अशी सवलत दिसली की त्याच तारखांना खोलीवर किती सूट मिळते ते विचारा. तुम्ही प्लॅनमधून खरोखर किती डॉलरचं खाणार (वरचे ११०, किंवा मग-गोड वजा जाता जवळजवळ काहीच नाही, असा फायदा नव्हे, तर जेवणाची तुमची एरवीची पूर्ण रक्कम) आणि खोलीची सूट, हे दोन आकडे शेजारी लिहा. दोघा माणसांना स्वस्त हॉटेलात फुकट प्लॅन बहुधा जास्त देतो. महागड्या हॉटेलात खोलीच्या दरावर टक्क्यांत मिळणारी सूट पुढे निघून जाऊ शकते.